एका दमात तीनवार

गाणारा आणि न गाणारा माणूस मला तोंड उघडायच्या आधी ओळखू येतो. लग्नाच्या मांडवात कुणी माईकपुढं उभा राहिला की मी त्याच्या तोंडाकडं बघत नाही, खांद्यांकडं बघतो. श्वास घेताना खांदे वर गेले आणि मानेची शीर फुगली की समजायचं, हा दुसऱ्या ओळीला धापा टाकणार. शिकलेल्या माणसाचे खांदे खुंटीवरच्या सदऱ्यासारखे स्वस्थ असतात. त्याचा श्वास खाली कमरेपाशी उतरतो, बरगड्या बाजूला उघडतात, आणि आवाज होत नाही. पण खरा फरक घेण्यात नाही, सोडण्यात आहे. न शिकलेला पहिल्या चार शब्दांतच सगळा दम उधळतो आणि उरलेलं वाक्य गळ्यानं ओढत नेतो. शिकलेला शेवटच्या शब्दासाठी आधीच थोडा राखून ठेवतो.

हे मला नांदेडच्या एका गाण्याच्या बाईंनी दाखवलं. त्यांच्यावरचा माझा राग अजून गेलेला नाही. त्या दिवसांची आठवण मात्र अशी येते की राग आणि आठवण वेगळी काढता येत नाही.

माझे वडील मुदखेडच्या स्टेशनावर हमाली करायचे. गाडीच्या धडधडीवरून हाक मारायचा त्यांचा आवाज माझ्याकडं आला. दुसरं काही आलं नाही. सोळाव्या वर्षी मी लातूरला आलो आणि एका आडतीवर धान्य चाळायला लागलो. तिथून पुकाऱ्या होईपर्यंत नऊ वर्षं गेली. लिलावाला आमच्याकडं हर्रास म्हणत. शेतकऱ्याच्या धान्याचा ढीग जमिनीवर ओतलेला, भोवती खरीददार, ढिगाच्या टोकाशी पुकाऱ्या, आणि समोर ज्याचा माल तो शेतकरी. बोली वाढत वाढत थांबली की पुकाऱ्यानं गाव, माल, भाव आणि घेणाऱ्याचं नाव पुकारायचं आणि एकवार, दोनवार, तीनवार म्हणून सौदा तोडायचा.

आमच्या आडतींच्या गल्लीत त्याला एक रिवाज होता. कागदावर कुठंच नव्हता, पण मोडायची कुणाची छाती नव्हती. गावाच्या नावापासून तीनवारपर्यंत सगळं एका दमात व्हायला पाहिजे. मध्येच पुकाऱ्यानं श्वास घेतला आणि शेतकऱ्यानं तो पाहिला, तर तो म्हणायचा, “दम तुटला.” की बोली पुन्हा उघडायची. म्हणून जुने शेतकरी ढिगाकडं बघायचे नाहीत, आमच्या खांद्यांकडं बघत उभे राहायचे. बोली हुकलेले खरीददार तिकडून आम्हाला हसवायला बघायचे, शेतकऱ्यांची पोरं मुद्दाम तपकीर उडवायची. रुमालाखाली बोटं दाबून भाव करणाऱ्या त्या बाजारात गरीब माणसाच्या हातात उघडपणे असलेली ही एकच गोष्ट होती.

आडतीच्या मालकाला सगळे आप्पा म्हणत. लिंगायत, कपाळावर भस्म, पहाटेची पूजा कधी चुकवली नाही. आप्पांना लांब दमाचा पुकाऱ्या हवा असायचा. सीझनला दारात शंभर ढीग पडायचे आणि दिवस एकच. दम तुटत राहिला तर खरीददार कंटाळून शेजारच्या आडतीवर जायचे. माझा दम तुटत नव्हता. गल्लीत माझं नाव होतं. चहावाला मला पैसे मागायचा नाही, यात मला आप्पांपेक्षा मोठं झाल्यासारखं वाटायचं.

मग भूकंप झाला. अनंत चतुर्दशीच्या दुसऱ्या पहाटे. आमच्या गल्लीतून भाकरी, तांदूळ, सतरंज्या भरून ट्रक निघाले आणि आवाजाचा माणूस म्हणून मला पहिल्या ट्रकवर चढवलं. औशाच्या पलीकडं जी गावं होती तिथं गाव असं राहिलेलंच नव्हतं. वर पाऊस, खाली दगडमातीचे ढिगारे. मी ट्रकच्या फाळक्यावर उभा राहून आळीआळीचं नाव पुकारायचो आणि त्या आळीची उरलेली माणसं पुढं यायची. एखादी आळी पुकारली तर कुणीच यायचं नाही. मग मी पुन्हा पुकारायचो, अजून मोठ्यानं, जसं काही माझाच आवाज कमी पडला असावा. असे नऊ-दहा दिवस.

परत आलो तेव्हा आवाज बसलेला होता. दिवाळीपर्यंत उघडला, पण फाटका. दोनवारपाशी खरखर यायची आणि दम संपायचा. एका सकाळी लागोपाठ तीन शेतकऱ्यांनी “दम तुटला” म्हटलं. आप्पांनी मला गादीपाशी बोलावलं आणि हळूच सांगितलं की त्यांचा भाचा पुकार शिकून राहिलाय. तूर बाजारात येईपर्यंत, म्हणजे संक्रांतीपर्यंत, ते माझी जागा राखतील. मग जो एका दमात पुकारेल त्याची जागा. त्यांच्या बोलण्यात वाईटपणा नव्हता, म्हणून मला जास्तच राग आला. त्या जागेशिवाय मी पुन्हा चाळणीवर जाणार होतो, आणि चाळणीवर परत गेलेला माणूस त्या बाजारात मी पाहिला नव्हता.

नांदेडला माझी मोठी बहीण दिलेली होती. आक्काकडं गेलो, तिथल्या डॉक्टरला घसा दाखवला. भूकंपाच्या धुळीनं आवाज गेला, असं मी त्यांना सांगितलं, सगळ्यांनाच सांगत होतो. पंधरा दिवस गप्प राहा म्हणाले, आणि नंतर गाण्याच्या एखाद्या शिक्षकाकडून श्वास नीट करून घ्या. आक्काच्या गल्लीच्या टोकाला शाळेतून निवृत्त झालेल्या एक बाई गाणं शिकवायच्या. पंधरा दिवस पाटीवर लिहून बोललो. आक्काचं म्हणणं, तिच्या लग्नानंतरचे तेवढेच दिवस आम्ही भांडलो नाही.

बाईंची खोली म्हणजे रस्त्याकडंच्या खिडकीची एक लांबट खोली, खाली जाजम, कोपऱ्यात गवसणी घातलेला तंबोरा, आणि सकाळच्या उन्हात सात-आठ मुली. मी दारातच सौदा सुरू केला. किती दिवस लागतील?

“गाण्याला वर्षं लागतात,” बाई म्हणाल्या.

मी म्हणालो, गाणं नको. तुमचं गाणं तुमच्याकडं ठेवा, मला फक्त दम द्या. ज्वारी पाहिजे, कडबा नको. माझ्याकडं चाळीस दिवस आहेत.

मुली हसल्या. बाई हसल्या नाहीत. त्यांनी मला वाक्य पुकारायला लावलं आणि दोन्ही हात माझ्या पाठीवर, खालच्या बरगड्यांवर ठेवले. मी पुकारलं. “धुळीचं नाव सांगू नका,” त्या म्हणाल्या. “हा आवाज आधीपासूनच जाणार होता. तुमच्या पाठीला माहीतच नाही की तुम्ही श्वास घेता.”

मला ते लागलं. ज्या गावांत मी आवाज घालवून आलो, त्या गावांचं नावसुद्धा यात घ्यायचं नाही म्हणे. पण मी गरजू होतो आणि गरजू माणसानं माल बघून रागवावं, दुकानदाराकडं बघून नाही. मी राहिलो.

पहिले आठ दिवस त्यांनी मला जाजमावर उताणं झोपवलं आणि पोटावर पाण्यानं भरलेला तांब्या ठेवला. श्वास घेतला की तांब्या वर जायला पाहिजे, छाती हलायला नको. पहिल्या दिवशी तांब्या कलंडून मी भिजलो, दुसऱ्या दिवशी जाजम भिजलं. माझ्या डोक्याशी बसून मुली पलटे घोटायच्या आणि मी छताच्या कड्या मोजत पडलेला. थंडीचे दिवस होते. खिडकीतून गल्लीतला हातगाडीवाला दिसायचा, कुठून तरी फोडणीचा वास यायचा. तीस वर्षांचा माणूस सकाळच्या वेळी नुसता श्वास घेत पडलाय, असं सुख मला त्याआधी मिळालं नव्हतं आणि नंतरही मिळालं नाही.

मग उभं राहून. बाई समोर समई लावायच्या आणि ज्योतीपुढं पुकारायला सांगायच्या. ज्योत हलली की दम वाया चालला. माझी ज्योत आडवी व्हायची, कधी विझायची. एक दहा वर्षांची मुलगी त्याच ज्योतीपुढं लांब सूर धरायची आणि ज्योत चित्रातल्यासारखी उभी. “दादा, तुम्ही हवा पुकारता,” ती मला म्हणाली. तिच्या एवढ्याशा छातीत माझ्याहून जास्त हवा नव्हती. तिला फक्त ती जपून सोडता येत होती. शेवटी शेवटी बाई तंबोरा धरायच्या आणि मी त्या सुरावर पुकारायचो, औशाकडची तूर, आठ पोती, एकवार, दोनवार. मुलींना ते पाठ झालं होतं. मी यायच्या आधी त्या आपसात हर्रास खेळायच्या, पाटी-पुस्तकांचा.

आणि एक गोष्ट मी न विचारता उचलली. मुली लांब तान घेताना मध्येच कुठंतरी श्वास भरून घ्यायच्या आणि ते कळायचं नाही. शब्दाच्या वळणात, ओठ तसेच उघडे, खांदे स्थिर, एक चिमूटभर हवा. बाई त्याला श्वास चोरणं म्हणायच्या. चुकलं की मुलीला थांबवून पुन्हा चोरायला लावायच्या. मला शिकवलं नव्हतं. मी खिडकीपाशी बसून बघून शिकलो. बाजारात आम्ही असंच शिकतो.

संक्रांतीच्या सुमाराला तूर आली. पहिल्याच दिवशी आप्पांनी मला ढिगावर उभं केलं आणि भाचा मागं. पहिले पाच-सहा ढीग स्वच्छ गेले, खरोखर एका दमात. मग एका म्हाताऱ्याचा ढीग आला, चार पोती. भूकंपात घर गेलेला, पत्र्याच्या शेडमध्ये राहणारा. बोली खाली थांबली होती. तो ढिगाकडं न बघता माझ्या खांद्यांवर नजर रोखून उभा राहिला. मी गाव पुकारलं, आणि त्याच्या गावाचं नाव लांब होतं, की मीच घाबरलो, माहीत नाही. एकवारपाशी दम संपला. दोनवारच्या वळणात मी चोरला. खांदे हलले नाहीत. तीनवार म्हणून सौदा तुटला.

म्हाताऱ्यानं मान हलवली. शेजारच्याला म्हणाला, “दमाचा माणूस हाय.”

जागा राहिली. भाचा दुकानात बसायला गेला.

त्या आठवड्यात मी नवी तूरडाळ पिशवीत भरून नांदेडला गेलो. वर्ग भरलेला होता. मी सगळ्यांसमोर मोठ्या अभिमानानं सांगितलं. बाईंना त्या रिवाजाचं नीट माहीत नव्हतं, मी कधी अर्धं सांगितलं होतं. त्यांनी एकेक विचारत सगळं काढून घेतलं. दम तुटला तर काय होतं, बोली उघडली तर भाव वाढतो का, त्या म्हाताऱ्याची किती पोती होती. मग विचारलं, “तुम्ही कुठं चोरला?”

“दोनवारच्या आधी. कुणाला कळलं न्हाई बाई. तुमची कृपा.”

त्यांनी तंबोरा गवसणीत घातला, सावकाश, बंद बांधून. “आम्ही श्वास चोरतो तो ऐकणाऱ्याचं सुख मोडू नये म्हणून,” त्या म्हणाल्या. “तुम्ही त्याच्या हातातलं काढून घेतलंत. माझ्याकडं शिकलो असं कुठं सांगू नका. आणि ही डाळ घेऊन जा.”

मुलींसमोर. ती दहा वर्षांचीसुद्धा बघत होती. माझं डोकं फिरलं. मी म्हणालो, गाण्यात चोरी केली की वाहवा आणि बाजारात केली की पाप? तुमच्या घरात जी डाळ शिजते ती अशाच ढिगावरून येते. भाव पाडणारे रुमालाखाली बोटं दाबतात त्यांना कुणी शिकवायचं बंद केलंय? आणि मी ती जागा सोडली असती तर भाच्यानं म्हाताऱ्याला जास्त दिलं असतं का? बाई मुलींकडं वळल्या आणि त्यांना पुढचा पलटा घ्यायला सांगितला. भांडणाऱ्या माणसाला उत्तर न देणं याच्यासारखा अपमान नाही. मी पायऱ्या उतरलो तेव्हा चपला उलट्यासुलट्या घातल्या होत्या, आक्काच्या दारात लक्षात आलं. आक्कानं ती डाळ शिजवली आणि म्हणाली, बाईनं घेतली न्हाई ते बरं झालं, लई लवकर शिजते.

पुढं दोन सीझन मी चोरत राहिलो. रोज नाही. लागेल तेव्हा. इरेला पेटून चोरत होतो असं आता वाटतं, बाईंना दाखवायला, आणि त्या तर तिथं नव्हत्या.

तिसऱ्या सीझनला एक बाई आली. एकटी, चाळिशीची, डोक्यावर पदर घट्ट. पहिल्यांदाच बाजारात आलेली, हे तिच्या पिशवी धरण्यावरून कळत होतं. तीन पोती हरभरा. तिला कुणीतरी बसमध्ये सांगितलं असावं की पुकाऱ्याचे खांदे बघ. ती बघत होती. पण खांदे हलले तर काय म्हणायचं, हे तिला कुणी सांगितलेलं नव्हतं. बोली पडेल भावाला थांबली. मी पुकारलं, एकवारशी दम संपला, आणि नेहमीची जागा समोर आली. ओठ उघडे, वळण तयार.

मी खांदे वर केले. चांगले कानापर्यंत. आवाज करून श्वास घेतला, रेड्यानं घ्यावा तसा.

सगळी गल्ली तिच्याकडं बघायला लागली. ती माझ्याकडं बघत राहिली. काहीतरी आपल्याकडून चुकलं असं तिच्या तोंडावर होतं. खरीददार म्हणाला, “तोड की आता.” कुणीच काही म्हणेना, तेव्हा मीच म्हणालो,

“दम तुटला.”

पुकाऱ्यानं स्वतः म्हटल्याचं त्या गल्लीत कुणी ऐकलं नव्हतं. आधी हसू झालं, मग ओरडा. रिवाज तो रिवाज, बोली उघडावी लागली. भाव वाढला, फार नाही. ती बाई पिशवी काखेत मारून गेली, मागं वळून बघितलं नाही. तिला काय झालं तेच कळलं नव्हतं.

दुपारी आप्पांनी बोलावलं. समोर चहा ठेवला. “पुकाऱ्याच म्हणून राहिला दम तुटला,” ते म्हणाले, “तर आडत चालायची कशी रे? मला सांग, तूच मालक असतास तर काय केलं असतंस?” मी प्रामाणिकपणे सांगितलं की मीसुद्धा काढून टाकलं असतं. त्यांनी मान हलवली. चहा संपवला आणि मी बाहेर पडलो. लातुरात सोळा-सतरा वर्षांत पहिल्यांदा भर दुपारी माझ्याकडं करायला काही नव्हतं.

मी चाळणीवर गेलो नाही. तेव्हा गावोगावची पोरं बारावीच्या शिकवणीसाठी लातूरला यायला लागली होती, गल्लोगल्ली क्लासच्या पाट्या लागत होत्या. त्या पोरांना जेवायला घालणारं कुणी नव्हतं. बायकोनं आणि मी खानावळ काढली. भाजीवाल्यांशी घासाघीस करताना माझा दम अजून कामाला येतो. दोन मजली घर झालं, चार माणसं हाताखाली आली. ते सगळं त्या हरभऱ्याच्या ढिगापासून सुरू झालं, हे मी कुणाला सांगत नाही, कारण लोकांना वाटतं मी हुशारीनं वेळ ओळखली.

नांदेडच्या बाईंना सांगायला मात्र मी गेलो नाही. सात-आठ वर्षं. जायचं मनात आलं की ती गवसणी बांधणारी बोटं आठवायची आणि राग यायचा. मी जागा घालवली ती तुमच्यासाठी नाही, हे सांगायला तरी जावं, असंही वाटायचं. शेवटी आक्काच्या मुलीच्या लग्नाला नांदेडला गेलो तेव्हा सकाळीच गल्लीच्या टोकाला गेलो.

त्या घरावर क्लासची पाटी होती. दारात सायकलींचा ढीग, आत बाकं कोंबलेली. शेजाऱ्यानं सांगितलं, बाई मुलीकडं हैदराबादला गेल्या, दोन वर्षं झाली. पत्ता त्याच्याकडं नव्हता. खिडकी तीच होती. आत एक तरुण सर साठ-सत्तर पोरांना काहीतरी समजावत होते, नुसत्या गळ्यानं, मानेच्या शिरा टरटरून. दर वाक्याला हवा ओढल्याचा आवाज बाहेर ऐकू येत होता. मी तास संपेपर्यंत उभा राहिलो. मग आत गेलो आणि त्यांना म्हणालो की सर, असंच शिकवलंत तर दिवाळीपर्यंत आवाज जाईल.

ते थकलेले होते, रागावले नाहीत. पाणी पीत म्हणाले, “जाऊनच राहिलाय. तुम्ही गाण्यातले का?”

“न्हाई. धान्य पुकारायचो.”

मी त्यांच्या पाठीवर खालच्या बरगड्यांवर हात ठेवले आणि बोलायला सांगितलं. पोरं दारात गर्दी करून हसत होती. दोन-चार वेळा झाल्यावर पाठ थोडी उघडली. त्यांना स्वतःलाच ते जाणवलं, थांबले आणि वळून माझ्याकडं बघितलं.

“हे कुठं शिकलात?”

बाईंचं नाव ओठावर होतं. त्यांनी घातलेली बंदी मी तोवर एकदाही मोडली नव्हती, भांडणातसुद्धा नाही.

“इथंच,” मी म्हणालो.

त्यांना वाटलं मी नांदेडबद्दल बोलतोय. म्हणाले, हो, नांदेडला पूर्वी गाणं फार होतं म्हणे. पुढचा तास लागला, पोरं बाकांवर चढली, आणि मी सरांना घाईघाईत पोटावर पाण्याचा तांब्या ठेवून झोपायचं सांगितलं. निघता निघता म्हणालो, खाली जाजम ओलं होईल, होऊ द्या.